ड्रायव्हरच्या उजवीकडची जागा

बाबांनी अट घातली तेव्हा मला हसू आलं. त्यांची जीप गोठ्यामागे सडत उभी होती, भंगारवाला येऊन पाहून गेला होता, आणि मी म्हटलं, थांबा, मी करते दुरुस्त. बाबा म्हणाले, "कर. मले चालोता आली त ठेवू. नाई त कापू दे." यात काय कठीण? ज्या माणसाने हयातभर दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर सवाऱ्या वाहिल्या, त्याला स्वतःची जीप चालवता येणार नाही?

घरोघरी मोटारसायकली आल्या तशा सवाऱ्या आटल्या आणि जीप बसली. बाबाही तिच्याबरोबर बसलेच म्हणायचे, दिवसभर ओट्यावर. मला ते बघवत नव्हतं. खरं सांगायचं तर जीप हे निमित्त होतं.

मी आयटीआयमध्ये डिझेल इंजिन शिकवते. सुट्टीच्या दिवशी अंगणातच जीप उघडून बसायचे. इंजिनाने फार त्रास दिला नाही, पत्र्याने मात्र छळलं. पुट्टी खरवडली की खाली पत्राच नाही, नुसता गंज. तो कापून नवा जोडला. स्टिअरिंग हलकं केलं, पुढे डिस्क ब्रेक टाकले, ताडपत्री काढून, कडेला बसणाऱ्याने धरायचे दांडे कापून लोखंडी दारं लावली. आईचं म्हणणं, एवढ्या मेहनतीत म्हैस पाळली असती तर दूध तरी मिळालं असतं. समोरचा लांब बाक काढून मी दोन वेगळ्या सीट बसवल्या. बाबांच्या कमरेसाठी मुद्दाम चांगल्या गुबगुबीत आणल्या होत्या. बाक गोठ्यात गेला आणि त्यावर कोंबड्या बसू लागल्या.

गाडी तयार झाली त्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. मी त्यांच्या डावीकडे बसले. पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं. पण रस्त्यावर गाडी सरळ जाईना. डावी चाकं सारखी कडेच्या मुरुमात उतरत होती. गिअर बदलायला गेलं की बाबांचा हात लिव्हरच्या अलीकडेच पडायचा. समोरून कापसाची ट्रॉली आली तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि बंदच केली.

"माहा हात गेला, बाई," ते म्हणाले. "देऊन टाक भंगारात."

ते चिडून बोलले असते तर मी भांडले असते. ते शांतपणे बोलले आणि उतरून डावीकडे येऊन बसले. गाडी मीच घरी आणली. वाटेत ती सुतासारखी सरळ चालली, तेव्हा तर मला जास्तच राग आला.

संध्याकाळी चहा द्यायला गेले तर बाबा ओट्यावर नेहमीसारखे बसले होते, अंग चोरून, डावीकडे सरकून, उजव्या हाताला एका माणसाची जागा सोडून. आम्ही सगळे त्या जागेवर जन्मभर बसत आलो, पण ती तिथे का असते हे कुणी विचारलं नव्हतं. मी कप हातात धरून तशीच उभी राहिले.

सवारी जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजवीकडेही एक माणूस बसतो. ड्रायव्हर मध्ये, तिरपा, स्टिअरिंग एका बाजूला. बाबांनी गाडी चालवली ती अशी. मी त्यांना हातभर उजवीकडे सरकवून बसवलं होतं आणि वर त्याला सुधारणा म्हणत होते. आणि मला हे कळायला हवं होतं, कारण शाळेच्या दिवसांत ती उजवीकडची जागा माझी होती. कितीही गर्दी असली तरी ते तिथे दुसऱ्या कुणाला बसू देत नसत.

दुसऱ्या दिवशी कोंबड्या हाकलल्या, बाक धुतला आणि सीट काढून तो जागेवर बसवला. बाबा चढले, सरकले, तिरपे झाले. हात बरोबर गिअरवर पडला. मी डावीकडे जायला निघाले तर म्हणाले, "तिकडं कायले? इकडून बस."

चाळिशीतल्या, भरल्या अंगाच्या बाईला ती जागा पुरत नाही. दाराचं हँडल बरगडीत रुतत होतं, बाबांचं कोपर प्रत्येक वळणावर लागत होतं. आमची डावी चाकं डांबरावरच राहिली. ट्रॉली आली, गेली. बाबांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"दांडा धरून बसजो," ते म्हणाले.

दांडा मीच कापून टाकला होता, तिथे आता दार होतं. मी दाराची कड धरली आणि म्हटलं, "धरला, बाबा."