कामरगाव ते मालेगाव: जाताना फटफटी, पोचताना बैलगाडी

हा प्रवास शहात्तर सालचा. त्या काळी वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही सगळे अकोला जिल्ह्यातच. मालेगाव म्हणजे आपलं वऱ्हाडातलं, माझं माहेर. कामरगावहून कारंजा, शेलूबाजार आणि मग मालेगाव, असा रस्ता. आता दोन तासांत पोचाल. मला तेव्हा सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वेळ लागला आणि त्यातला निम्मा दोष माझ्या स्वभावाचा होता. उरलेल्या निम्म्याबद्दलही लिहिते.

भावाच्या मुलाचं नाव ठेवायचा कार्यक्रम होता. माझे यजमान कामरगावच्या शाळेत मास्तर. त्यांचं म्हणणं, एस.टी.नं जाऊ, कारंज्याला गाडी बदलू, तिकीटही फार नाही. मी म्हटलं, दारात नवी फटफटी उभी असताना मी एस.टी.त कोंबड्यांशेजारी बसणार नाही. खरं कारण वेगळं होतं. माझी धाकटी बहीण शोभा अकोल्याहून फटफटीवर येणार होती.

शोभाचं आणि माझं काय आहे ते आधीच सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ती गोरी, मी सावळी. तिचा नवरा, प्रकाशराव, अकोल्यात सरकारी ऑफिसात, माझा खेड्यात मास्तर. फटफटीसाठी अकोल्याच्या दुकानात नंबर आम्ही आधी लावला होता, चार वर्षं वाट पाहिली, आणि गाडी आधी मिळाली तिला, ऑफिसच्या कोट्यातून. आमची आली तीन महिन्यांनी. ते तीन महिने मी जळफळत काढले. आमच्या वस्तीतली ती पहिली फटफटी, सगळी वस्ती बघायला आली, पण माझ्या मनात एकच, की ही दुसरी आहे.

निघायच्या आठवडाभर आधी प्रकाशरावांचं निळं अंतर्देशीय पत्र आलं. मी फोडलं. जयभीमच्या खाली लगेच सुरू, की फटफटीवर शेगावला जाऊन आलो, शोभाला वाऱ्यानं सर्दी झाली, गाडी कशी पाण्यासारखी पळते. अर्धं वाचलं आणि माझं डोकं सणकलं. घडी घालून तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसलं. मास्तरांना दाखवलं नाही. त्यांनी ते कौतुकानं वाचलं असतं आणि मला तेच नको होतं.

रविवारी सकाळी निघालो. मास्तर नियमाचे पक्के. गाडीचं पहिलं ऑइल बदलायची वेळ झाली होती, ते केल्याशिवाय लांब जायचं नाही म्हणाले. कारंज्याला स्टँडजवळ रहीमचाचांचं दुकान होतं. चाचा शांत माणूस, हात कापडाला पुसत पुसत बोलायचे. त्यांनी खालचा नट काढून जुनं ऑइल सांडवलं, नटाखालची तांब्याची चकती बोटावर घेतली आणि मान हलवली.

"मास्तर, हे वायसर दबलं हाय. नवं मंगळवारी येईन. आज यष्टीनं जा."

मी म्हटलं, मंगळवारी बारसं शिळं होईल. चाचा बरं म्हणाले, जुनंच बसवतो, पण अर्धा तास गाडी चालू ठेवून पाहू द्या, ठिबकते का ते.

"ठिबकन कायले?" मी म्हटलं. "बसवा अन् द्या. उशीर होऊन राह्यला."

शोभा आधी पोचेल, हे एकच माझ्या डोक्यात होतं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं आणि किक मारली.

रस्ता तेव्हा एकपदरी, दोन्ही बाजूंना बाभळी, ज्वारी कापून झालेली, कपाशीची वेचणी चाललेली. शेलूबाजारला थांबलो. तिथे आलूबोंडा खा, हा सल्ला मी तेव्हाही देत होते. बोंडा खाताना माझं लक्ष लुगड्याकडे गेलं. मोतिया रंगाच्या काठावर काळे ठिपके. मी चिडले, शोभा हसेल म्हणून. पाण्यानं चोळले, ते आणखी पसरले. ठिपके आले कुठून, हे मला सुचलं नाही आणि मी मास्तरांना दाखवलेही नाहीत.

मालेगाव तीन-चार मैलांवर राहिलं आणि गाडी आधी कण्हली, मग मागचं चाक जागीच अडलं. आम्ही फरफटत कडेला गेलो, पडलो मात्र नाही. मास्तरांनी खाली वाकून पाहिलं. ऑइलचा थेंब उरला नव्हता, इंजिन जाम झालं होतं. ते रस्त्याच्या कडेला बसले आणि गाडीच्या टाकीवर नुसता हात ठेवून राहिले.

तासाभरानं एक कडबा नेणारी बैलगाडी आली. वाटेवरच्या चौघांनी फटफटी वर चढवली. अशी मी माहेरच्या गल्लीत शिरले, बैलांच्या मागे, कडब्यात, शेजारी आडवी पडलेली फटफटी. आणि घरासमोर शोभाची फटफटी उभी होती, हार घातलेली, आरशाला लिंबू बांधलेलं. वंदना झाली, बाळाचं नाव ठेवलं, मी गोड जेवण जेवले. सगळं कडू लागलं.

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी, दोघे साडू, ट्रकमध्ये फटफटी टाकून अकोल्याला दुकानात गेलो. मॅनेजरनं इंजिन पाहिलं आणि ग्यारंटी बाद म्हणाला. पहिलं ऑइल आमच्याकडेच बदलायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा, असा नियम. मास्तरांनी कार्ड काढून ओळ न् ओळ वाचून दाखवली. त्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं. मॅनेजर नरमला. नियम नवा आहे, दुकानात पाटी लावली आहे, म्हणाला. "तुमाले माहीत नसन, तर तसं लिहून द्या. मी कंपनीले पाठवतो. इंजिन बदलून भेटू शकते."

आणि प्रकाशराव भोळेपणानं बोलले, "मी तं पत्रात लिहिलं होतं. ती पाटी पाहूनच लिहिलं."

शोभानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. पत्र पोचलंच नाही, एवढं म्हटलं की इंजिन नवं. मास्तरांनी कार्ड मॅनेजरसमोर ठेवलं.

"आलं होतं," ते म्हणाले. "माहंच वाचाचं राहून गेलं."

मॅनेजरनं कार्ड परत केलं. शोभा हसून म्हणाली, जिजाजी पोरांना वाचायला शिकवतात आणि स्वतः पत्र वाचत नाहीत.

आम्ही एस.टी.नं घरी आलो. कारंज्याला गाडी बदलली, मास्तरांनी मला खिडकीची जागा दिली. घरी कुलूप उघडून त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि विचारलं, "कोन्त्या डब्यात हाय?"

पत्र आलं त्याच दिवशी पोस्टमननं त्यांना शाळेत सांगितलं होतं. आठवडाभर ते वाट पाहत होते, मी कधी देते याची. मी डाळीतून पत्र काढलं. त्यांनी पूर्ण वाचलं, डाळ झटकली आणि घडी घालून परत त्याच डब्यात ठेवलं. इंजिन पुढे रहीमचाचांनी बांधून दिलं, पण चढावर ते कायम कण्हायचं.

आता राहिला तो हिशोब, जो प्रवासवर्णनाच्या शेवटी लिहितात. शेलूबाजारचा आलूबोंडा राहिला. मोतिया लुगड्याचे डाग राहिले. आणि शोभाचा तो विनोद राहिला. गेली चाळीसहून जास्त वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ती सांगते, आमच्या जिजाजींनी पत्र न वाचल्यामुळे ग्यारंटी घालवली. सगळे हसतात. मास्तरही हसतात. मीही हसत आले. गेल्याच महिन्यात नातसुनांसमोर तिनं पुन्हा सांगितलं, तेव्हा मास्तर हसता हसता खोकले, आणि मी त्यांना पाणी दिलं.

शोभे, तुझी नात तुला माझं लिखाण फोनवर वाचून दाखवते, मला माहीत आहे. तर ऐक. पत्र मी लपवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. यापुढे सांगशील तर माझं नाव घेऊन सांग.

आणि नंबर आम्ही आधी लावला होता. फटफटी माझ्या दारात आधी यायला पाहिजे होती, हे मला आजही वाटतं.