अण्णा म्हणले तेच

मी नांदेडची, एम.ए. करत होते लातूरला, आणि विषय होता राष्ट्र अध्ययन. लातूरला शिकते म्हटलं की समोरचा आधी डॉक्टरकीचं विचारतो. तो गैरसमज दूर करावा तर दुसरा उभा राहतो. माझ्या मावशीला वाटायचं, हे झालं की पोरीला फौजदारकी मिळते. नेमकं काय मिळतं ते मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून तिच्याशी वाद घालायला तोंड नव्हतं.

पहिलं वर्ष नुसत्या तासांचं. राष्ट्र म्हणजे काय, यावर एका पुस्तकात एक, तर दुसऱ्यात नेमकं उलट. परीक्षेत मी दोन्ही लिहून आले आणि गुण बरे पडले. दुसऱ्या वर्षी प्रबंध आला, तिथं ही हातचलाखी चालेना. त्यात बाबांनी बजावून ठेवलं होतं की या उन्हाळ्यात प्रबंध मंजूर झाला तर ठीक, नाहीतर शिक्षण बस्स, आलेलं स्थळ पक्कं करायचं.

प्रबंधासाठी लोकांची उत्तरं गोळा करायला मी गेले देगलूरकडच्या माझ्या आत्याच्या गावी. तिथं घरात मराठी, शेतात तेलुगू, बाजारात कानडीसुद्धा. तुम्ही स्वतःला आधी कोण मानता, गावचे, भाषेचे, जातीचे की देशाचे, असा माझा पहिला प्रश्न होता. आत्याचे थोरले दीर, म्हणजे अण्णा, गावातले मोठे माणूस. त्यांच्या पाया पडून पहिलं त्यांनाच विचारलं, कारण त्यांच्याआधी दुसऱ्याला विचारणं म्हणजे अपमान. ते म्हणाले, "आधी देश. लिवा." मग पारावरचा एकेक जण तेच म्हणू लागला, "अण्णा म्हणले तेच." दाराआडच्या बायकांचंही तेच. अण्णांना जरा आत बसा म्हणायची माझी काय टाप? आत्याला त्याच घरात नांदायचं होतं.

लातूरला माझ्या मार्गदर्शक सरांनी ते एकसारख्या उत्तरांचे कागद चाळले आणि बाजूला सारले. हे तुम्ही खोलीवर बसून भरलंत, मी सही करणार नाही, असं सरळ म्हणाले. खोटेपणाचा आळ आला तसं मला रडूच फुटलं. तिथंच अण्णांना फोन लावला आणि सरांसमोर धरला.

"हाव, समद्यांचं मीच सांगितलं," अण्णा म्हणाले. "त्यांच्या मनातलं मला ठावं हाय."

सगळ्यांना पटलं होतं का, सरांनी विचारलं.

"न्हाई म्हणाया कुणी उठलं न्हाई की."

सरांनी बाजूला सारलेले कागद पुन्हा पुढ्यात ओढले. मग म्हणाले, हे असंच्या असं लिहा. मी लिहिलं. पण ते देशप्रेम होतं की अण्णांचा धाक, ते मला काही केल्या ठरवता येईना. शेवटी 'दोन्ही असू शकेल' असं लिहिलं. सरांनी 'असू शकेल' खोडून तिथं 'आहे' केलं, आणि मी मुकाट्याने तसं टाइप केलं.

तोंडी परीक्षेला बाबा नांदेडहून आले आणि उघड्या दारात उभे राहिले. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम मोठ्या प्रेमळ होत्या. त्यांनी अण्णांचं प्रकरण मनापासून वाचलं होतं. शेवटी म्हणाल्या, "तुमचा पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला तर? तुमचं उत्तर काय?"

मी विचारात पडले. नांदेड म्हणावं, मराठी म्हणावं, देश म्हणावं, की बाईमाणसाला यातलं काही आधी येतच नाही म्हणावं? मॅडम थांबल्या होत्या. मी बोलायला तोंड उघडलं.

"देशच की, मॅडम," दारातून बाबा म्हणाले. "आमची पोर हाय ती."

सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि त्यांनी सही केली. बाबांनी बाहेर येऊन पेढे घेतले आणि पहिला मला भरवला. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. मी काय म्हणणार होते, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.