अर्ध्या बाई

मला त्या बाईंचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी त्यांचे गोडवे गायला बसले आहे असं कुणाला वाटायचं. आमच्या सरकारी शाळेत त्या अर्धवेळ होत्या, साडेसात ते साडेदहा, म्हणून मुलांनी त्यांचं नाव अर्ध्या बाई पाडलं. मी सातवीची वर्गशिक्षिका, पूर्ण वेळ, पूर्ण पगार, सतरा वर्षं एकाच खोलीत. त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर काम एका ओळीत लिहिलेलं होतं: कच्च्या मुलांना वाचायला शिकवणे.

ही अर्धवेळ जागा शाळेला कशी मिळते ते सांगते, कारण खरं पाणी तिथेच मुरतं. दर वर्षी सहामाहीत वरच्या कार्यालयातून सातवीसाठी वाचनाची चाचणी येते. तीसपेक्षा जास्त मुलं नापास झाली तर शाळा गरजू ठरते आणि तिला एक अर्धवेळ शिक्षिका, पुस्तकांची दोन खोकी आणि बाकांच्या दुरुस्तीला पैसे मिळतात. तीसच्या आत आली तर सगळं बंद. म्हणजे पोरं सुधारली की मदत काढून घ्यायची. हा नियम करणाऱ्या शहाण्याची स्वतःची मुलं आमच्यासारख्या शाळेत नसणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

आम्हीही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हतो. चाचणीच्या दिवशी मी वर्गात सांगायचे, "शेवटचं पान राहू द्या, वेळ पुरायचा नाही." वेळ भरपूर असायचा. पण त्या पानावर उतारा आणि सगळ्यात जास्त गुण असायचे, ते कोरं राहिलं की वर्गातल्या साठ-बासष्टातली पस्तीस-चाळीस मुलं आपोआप नापास. मुख्याध्यापक सर तोंडाने काही सांगत नसत. आदल्या दिवशी फक्त विचारायचे, "बाई, उद्याचं लक्षात आहे ना?" असं सात-आठ वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

अर्ध्या बाईंना हे ठाऊक नव्हतं, आणि आम्ही कुणी सांगितलंही नाही. त्या आल्या आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. तास संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाल्या की इथून फळ्यावरचं निम्मं दिसत नाही. मी सतरा वर्षं त्या फळ्यावर लिहीत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार मुलांना उचलून पुढे बसवलं आणि त्यातल्या दोघांच्या आयांना गाठून डोळे तपासायला पाठवलं.

शिकवायची त्यांची तऱ्हा वेगळीच होती. पुस्तकांची खोकी त्यांनी महिनाभर फोडलीच नाहीत. मुलांनी घरातून छापलेला कोणताही कागद आणायचा आणि तो वाचायचा: विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, घरमालकाची नोटीस. एका मुलीची आई कचेऱ्यांमध्ये झाडलोट करायची. ही मुलगी सातवीत येऊनही अक्षरं जुळवताना घामाघूम व्हायची. तिने आजीच्या गोळ्यांचं पाकीट आणलं, तीन दिवस त्याच्याशी झटली, आणि चौथ्या दिवशी म्हणाली की या गोळ्यांची मुदत कधीच संपली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई शाळेत येऊन अर्ध्या बाईंना भेटून गेली. मला भेटली नाही. नंतर या पोरांनी आमचा सूचनाफलकसुद्धा वाचून काढला आणि प्रत्येकाला तीन वह्या मिळणार असं लिहिलंय तर दोनच का दिल्या, म्हणून सरांना जाऊन विचारलं. सर आठवडाभर धुमसत होते.

मग चाचणीचा दिवस आला. मी नेहमीसारखं शेवटच्या पानाचं सांगितलं आणि सरांनी बोलावलं म्हणून खाली गेले. वर्गावर अर्ध्या बाई होत्या. मुलांनी तासाभरात पेपर मिटून ठेवले, तेव्हा त्यांना वाटलं, पोरांच्या नजरेतून पान सुटलं. त्यांनी सगळ्यांना पान उलटायला लावलं. मी वर आले तेव्हा बासष्ट डोकी खाली होती आणि लेखण्यांचा आवाज येत होता. मी दारातच थांबले. आता काय बोलणार, कप्पाळ!

निकालात फक्त नऊ मुलं नापास झाली. त्याच पाकिटात दुसरं पत्र होतं: शाळेची प्रगती समाधानकारक असल्याने अर्धवेळ जागा महिनाअखेरीस बंद करण्यात येत आहे.

सरांनी ते पत्र शिक्षकांच्या खोलीत टेबलावर आपटलं. अर्ध्या बाईंना तिथे पहिल्यांदा खरा प्रकार कळला. त्या म्हणाल्या, "त्यांना वाचता येत होतं. येतं ते लिहू नका, असं मी सांगितलं नसतंच." सर्वांच्या देखत मी त्यांना सुनावलं की तुमच्या खरेपणाची पूजा करत आम्ही आता पोरांना मोडक्या बाकांवर बसवायचं का. त्यांची बाजू कुणी घेतली नाही. नवरा आजारी, घर त्यांच्या या अर्ध्या पगारावर चाललेलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. जाताना त्यांनी त्या नऊ जणांची यादी माझ्या हातात दिली. प्रत्येक नावापुढे कुठे अडतं ते लिहिलं होतं. मी ती कपाटात ठेवली आणि माझा अभ्यासक्रम पुरा केला.

पुढच्या वर्षी शेवटचं पान कोरं राहिलं, एकेचाळीस मुलं नापास झाली, जागा परत आली. सरांनी मला अर्ध्या बाईंकडे पाठवलं, कारण नव्या माणसाला सगळं समजावत बसण्यापेक्षा जुनं माणूस बरं. त्या एका दुकानात हिशेबनीस झाल्या होत्या. मला आत बसवलं, पाणी दिलं. मी जागेचं सांगितलं. त्यांनी पगार विचारला नाही, वेळ विचारली नाही.

"त्या नऊ जणांचं काय झालं?" एवढंच विचारलं.

मी आठवू लागले. दोघं आठवीत आहेत, म्हटलं. ती गोळ्यांचं पाकीट आणणारी मुलगी आईबरोबर कामाला जाते. बाकीच्यांनी शाळा सोडली असावी. मला सहा जणांची नावंही आठवेनात, आणि ते त्यांना दिसत होतं. तेव्हा मी चिडून म्हणाले की तुमच्यामुळेच झालं हे, चाचणीच्या दिवशी गप्प बसला असतात तर तुमची जागा राहिली असती आणि ती मुलं शिकली असती.

त्यांनी आवाज चढवला नाही. "ती मुलं तुमच्या वर्गात होती, बाई," त्या म्हणाल्या. "मला अर्धा दिवस होता. तुमच्याकडे पूर्ण होता."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि उठले. शाळेत येऊन सरांना सांगितलं की त्या येत नाहीत. का ते त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, पगार परवडत नाही म्हणाल्या.