शेऱ्याचा रकाना

शाहूपुरीतल्या तात्यांच्या दुकानात माप घेण्याची एक रीत होती. टेप तात्यांच्या हातात, वही त्यांच्या मुलीच्या, स्नेहलच्या. छाती, कंबर, उंची तात्या मोठ्यानं सांगत. शेवटचा रकाना मात्र ते स्वतः भरत, तेही गिऱ्हाईक पायरी उतरून गेल्यावर. त्या रकान्यावर लिहिलेलं असे, शेरा.

‘उजवा खांदा उतरता.’ ‘पोट पुढं आलंय, पट्टा वर बांधतो, बोलू नये.’ ‘बायको गेल्यापासून वाळलेत. दोन बोटं सैल ठेवावं, अंग भरेल.’ पंचेचाळीस वर्षांत अशा एकवीस वह्या भरल्या. कपडा अंगावर नीट बसला की माणूस शिंप्याला विसरतो, आणि तात्यांना तेवढंच हवं असे.

शिवाजी पेठेतल्या बाळासोंचं माप घेताना तर तात्या नाटकच करत. पॅन्टची उंची सगळेच शिंपी एका पायाची घेतात. तात्या उजव्या पायाची घेत, आकडा सांगत, मग कपाळाला हात लावून म्हणत, “विसरलो बघ. परत धरतो.” आणि टेप डाव्या पायाला लावत. दुकानात बसलेल्यांना वाटे, तात्या म्हातारे व्हायला लागले. ही विसरण्याची सवय त्यांना चाळिशीपासून होती, आणि ती फक्त बाळासोंपुरती होती.

पेठेतल्या तालमीचा फुटबॉल संघ होता, बाळासो तरुणपणी त्यातून खेळत. एका सामन्यात डावा पाय मोडला. पाय बरा झाला, पण अर्धा इंच आखूड राहिला. पुढं बिद्रीला साखर कारखान्यात नोकरी लागली, म्हणून खेळ सोडला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. बुटात चामड्याची पट्टी आणि पॅन्टची डावी दुमड जरा मोठी, एवढ्यावर तीस वर्षं निभावली. खरं काय ते बायकोला, चांभाराला आणि तात्यांना माहीत होतं. बायको आता राहिली नव्हती.

एकोणीस सालच्या पुरात दुकानात गल्ल्यापर्यंत पाणी चढलं. तात्या आणि स्नेहल हातकणंगल्याला तात्यांच्या बहिणीकडं गेले होते. पाणी उतरल्यावर परत येऊन बघतात तर वह्यांचा लगदा झालेला. तात्या त्या लगद्यापुढं उकिडवे बसून राहिले. तेव्हा स्नेहलनं फोन पुढं केला. आदल्या दिवाळीत तिनं सगळ्या वह्यांचे फोटो काढले होते आणि ते आपोआप क्लाऊडवर चढले होते. तात्यांनी चष्मा पुसला. पडद्यावर त्यांचंच अक्षर होतं, शाईच्या डागासकट. ते बराच वेळ एकेक पान सरकवत राहिले. त्यातली कितीतरी माणसं आता या जगात नव्हती, पण त्यांच्या बाहीची लांबी तिथं होती.

मग स्नेहलनं सगळी मापं शेऱ्यांसकट एका प्रोग्रॅममध्ये भरली. गिऱ्हाइकांची पुण्याला गेलेली मुलं तिथून फोन करू लागली, कापड पाठवू लागली. पॅन्ट शिवून कुरिअरनं जाऊ लागली. तात्यांना कौतुक होतं, पण त्यांचे प्रश्न संपत नव्हते. त्या क्लाऊडचं यंत्र कुठं ठेवल्यात? किल्ली कुणाकडं असती? त्या कंपनीनंच उद्या दुकान बंद केलं तर? एकदा दिवसभर नेट गेलं आणि चार गिऱ्हाइकं खोळंबली, तेव्हा तात्यांनी चौघांची मापं तोंडपाठ सांगितली आणि मुलीकडं बघून मिश्यांना पीळ दिला.

“कागद पाण्यात गेला, तात्या,” स्नेहल म्हणाली. “आणि पाठांतर...” पुढचं तिनं गिळलं. तात्यांना ते कळलं. ते बहात्तर वर्षांचे होते.

गेल्या मार्गशीर्षात बाळासोंच्या मुलाचं, ऋतुराजचं लग्न ठरलं. घरातल्या पाच जणांचे कपडे शिवायला आले. पाचही जणांपुढं फोन नंबर ऋतुराजचाच. ऑर्डर नोंदली की मापं गिऱ्हाइकाच्या फोनवर जावीत, अशी नवी सोय स्नेहलनं त्याच आठवड्यात सुरू केली होती. शेऱ्याचा रकाना त्यातून वगळायचा राहिला. संध्याकाळी तिच्या लक्षात आलं. ऋतुराजच्या फोनवर वडिलांच्या मापाखाली तात्यांचे शब्द जसेच्या तसे गेले होते. ‘डावा पाय अर्धा इंच आखूड. खेळ त्यामुळंच सुटला. शिवताना झाकावं. कुणाजवळ बोलू नये.’

तिनं तात्यांना सांगितलं. तात्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. म्हणाले, सगळं काढून टाक तिथलं, मी परत हातानं लिहितो. वह्या तर पुरात बुडाल्या, हेही पुसल्यावर कशावरून लिहिणार, हे स्नेहलनं विचारलं नाही.

सकाळी बाळासो आले. एरवी कोपऱ्यावरून त्यांचा आवाज यायचा. आज गुपचूप बाकावर बसले.

“चूक आमची हाय, बाळासो,” तात्या म्हणाले. “तुझं पान आजच पुसतो.”

“तीस वर्षं झाकलंस की रं तात्या. आणि एका मेसेजनं उघडं पाडलंस.”

“व्हय.”

बाळासो बुटाकडं बघत राहिले. मग तुटक तुटक सांगू लागले. काल घरी आल्या आल्या पोरानं त्यांचा बूट उचलला, आतली पट्टी बोटानं चाचपली, आणि बूट होता तसा जाग्यावर ठेवला. आज सकाळी चहा घेऊन आला.

“म्हणतो, बाबा, विधीला बूट काढून बसायला लागतंय, पाटाऐवजी खुर्ची सांगू का?” बाळासोंना हसू फुटलं, पण डोळे ओले होते. “म्हातारं करून टाकलं की मला.”

“मग पुसू न्हवं?”

“पुसू नको. तुझ्या मागं माझी पॅन्ट कोण कापणार? ह्या पोरीला म्हाईत पायजे की. फकस्त पेठंत दवंडी पिटू नका.”

स्नेहलनं आदल्या संध्याकाळीच मेसेजची सोय बंद केली होती. आता शेऱ्याचा रकाना फक्त ती आणि तात्या उघडू शकतील, अशी तजवीज तिनं केली. तात्यांनी कपाटातून एक कोरी वहीही काढली. पाणी येईल तेव्हा क्लाऊडवरचं कामाला येईल, वरचं बंद पडेल तेव्हा वही, असं ते स्वतःशीच पुटपुटले आणि वही सगळ्यात उंच फळीवर ठेवली.

तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं येऊन बाकावर बसली. लग्नाच्या पॅन्टचं माप नव्यानं घ्यायचं होतं. बाळासो उठून आरशापुढं उभे राहिले. तात्यांनी गळ्यातली टेप काढली, क्षणभर हातात धरली, आणि स्नेहलच्या हातात दिली.

तिनं वाकून उजव्या पायाची उंची घेतली. आकडा मोठ्यानं सांगितला. मग थांबली आणि कपाळाला हात लावला.

“विसरले बघा काका. परत धरते.”

बाळासो समोर आरशात बघत ताठ उभे राहिले. तात्यांनी मान खाली घातली आणि खडूला टोक काढू लागले.