दांड्याचा लाल कोपरा

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, संगणकावर तर नाहीच. माधवनगरच्या एका कारखान्यात ऊस वाहायच्या ट्रॉल्या बनतात. नवा सांगाडा भार पेलेल का, हे संगणकावर तपासून द्यायचं काम माझं. सांगाड्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, त्यावर उसाचा भार टाकायचा, की कुठं किती ताण येतो ते रंगांत दिसतं. हिरवं म्हणजे निवांत, लाल म्हणजे धोका.

यंदाचा सांगाडा सगळा हिरवा आला. फक्त ट्रॅक्टरला जोडायचा दांडा चौकटीला मिळतो, तिथल्या आतल्या कोपऱ्यात लाल ठिपका. तुकडे आणखी बारीक केले, तर ताणाचा आकडा वाढला. पुन्हा केले, पुन्हा वाढला. असा फुगत जाणारा आकडा बहुतेकदा खोटा असतो; टोकदार कोपरा दिसला की संगणक उगाच बोंब मारतो. ‘दुर्लक्ष करावे’ असं लिहून मी सही ठोकली. पहिली ट्रॉली माझ्याच धाकट्या भावानं ऊस वाहायला पाटणकडं नेली.

आठ दिवसांनी पुन्हा कारखान्यात गेले. तिथले वेल्डर काका, लष्करातून निवृत्त झालेले, नेहमी माझ्या संगणकाच्या पडद्यात डोकावायचे. मालकाला चुगल्या पोचवतात असा माझा पक्का संशय. त्या दिवशी त्यांनी लाल ठिपक्यावर थेट बोटच ठेवलं.

“ह्ये काय?”

“काही नाही हो, खोटं आहे ते.”

“काम्पुटर तुमचाच, आन तुमीच म्हंता खोटं बोलतोय?”

मला राग आला. यांना काय कळतंय, असं मनात आलंच. ते मला मागच्या अंगणात, दुरुस्तीला आलेल्या जुन्या ट्रॉलीपाशी घेऊन गेले. तिचा जोड अगदी तसाच होता. त्यांनी तारेच्या ब्रशनं रंग खरवडला. खाली वेल्डिंगवर वेल्डिंग, आणि त्यातून केसाएवढी चीर गेलेली.

“तीन हंगाम हितंच जोडतोय. लय वंगाळ कोपरा हाय ह्यो.”

“मग आधी का नाही बोललात?”

“इचारलं कुणी? कागद तुमचा यायचा, आमी जोडायचो.”

तिथूनच भावाला फोन लावला.

“बोल आक्का. फडातच हाय. ट्रॉली भरलीया, निघतोच.”

“निघू नकोस. रिकामी कर ती.”



“का गं? तूच पास केलीयास न्हवं?”