थेल्माबाईंचं धुणं आणि लाल फडकं

आमच्या साउथ शील्ड्स बंदरगावात म्हातारी माणसं सकाळी पेपर उघडतात ती कोण गेलं ते बघायला. थेल्माबाई पर्व्हिस बघायच्या ते आज कुठलं जहाज जाणार. नदीतून एखादं जहाज सुटणार असलं, की त्या दिवशी बाईंच्या घरात साबणाला हात लागायचा नाही.

घरचा माणूस समुद्रावर निघाला त्या दिवशी घरात धुणं धुवायचं नाही, नाहीतर पाण्याबरोबर माणूसही वाहून जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बाकीच्या बायका ते पाळायच्या आपापल्या नवऱ्यापुरतं. थेल्माबाईंनी अख्ख्या टाईन नदीचा मक्ता घेतलेला! अहो, बंदर आहे हे. इथून बहुतेक रोज काही ना काही सुटतंच. मग धुणार कधी? त्यांचा नवरा रॉनी बेकरीवाला, पलीकडच्या काठावर जाणाऱ्या फेरीबोटीतसुद्धा राम राम म्हणत चढणारा माणूस. त्या बिचाऱ्यानं एकेक शर्ट नऊ-नऊ दिवस काढला. अंगाला पावाचा वास यायचा म्हणून निभावलं.

असं का, हे बाईंनी कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "तुझ्या नाकाला त्रास होतो का? मग लांब उभा राहा."

नदीकाठी मिल डॅम नावाच्या जागी युद्धात बुडालेल्या व्यापारी खलाशांचं स्मारक आहे. सुकाणूचं चक्र धरून उभा असलेला एक धातूचा खलाशी, आणि शेजारच्या काठीवर व्यापारी जहाजांचं लाल निशाण. खलाशी त्याला लाडानं लाल फडकं म्हणतात. ते फडकं धुवायचं, शिवायचं, इस्त्री करायचं काम बावीस वर्षं थेल्माबाईंकडे. त्यांचे वडील एक्केचाळीस साली समुद्रात गेलेले. जहाजाच्या भट्टीत कोळसा ओढायचे. बाई तेव्हा सहा वर्षांच्या.

तर एका वर्षीचा तीन सप्टेंबर. अकरा वाजता खलाशांना मानवंदना, आणि अडीच वाजता बाईंची नात बेथनी पहिल्यांदा जहाजावर जाणार. एकोणीस वर्षांची पोर, आमच्याच इथल्या नाविक शाळेतली, उंच आणि हसरी. एकाच दिवशी दोन्ही! बाईंनी आठवड्याआधीच मोकळा दिवस गाठून निशाण धुऊन ठेवलं होतं. नऊ वाजता ते घडी करून त्या स्मारकापाशी आल्या, मांडीवर घेऊन बाकावर बसल्या, आणि शेजारी येऊन बसली डोरीन हेपल.

डोरीन म्हणजे बाईंची जन्माची मैत्रीण. एका गल्लीत वाढलेल्या, आणि दोघींचे बाप एकाच जहाजावर. डोरीनचा बाप वाचला, थेल्माचा नाही. पण त्यावरून दोघींत कधी वाकडा शब्द आला नाही. वाकडे शब्द बाकी सगळ्यावरून.

"खा," म्हणून डोरीननं स्टॉटी, म्हणजे आमच्याकडचा जाडजूड चपटा पाव, पुढे केला. आत हॅम आणि वाटाण्याचं पिवळं पुडिंग, म्हणजे घट्ट पिठलंच, थापून थापून भरलेलं.

"निशाण आहे मांडीवर, भवाने. लांब धर!"

"लांबच तर धरलंय—"

तेवढ्यात वरून सीगल आला. आमचे सीगल म्हणजे दरोडेखोर. त्यानं पावाला चोच मारली, डोरीन किंचाळली, पाव उडाला, पुडिंग सांडलं, आणि जाता जाता त्या मेल्यानं वरून आपलंही योगदान दिलं. सगळं लाल फडक्यावर!

स्मारक समितीचे कॅप्टन चार्लटन धावत आले. गडी वादळात हलला नसेल, पण इथे तोंडचं पाणी पळालं. "थेल्माबाई, धुवा! दीड तास आहे. दुसरं निशाण नाही आपल्याकडे."

"मी नाही धुणार."

"काय?"

"आज बेथनी निघालीय. मी नाही धुणार आणि कुणाला धुवू पण देणार नाही. माझ्या घरातून आलंय ते." बाईंनी निशाण पोटाशी धरलं. पुडिंग त्यांच्या चांगल्या कोटाला लागलं, तरी सोडेनात.

तेवढ्यात बेथनीच आली, कडक गणवेशात. "आजी, काय झालं? अगं, घाण लागलीय, दे, मी धुते."

"हात लावू नकोस!" बाई अशा ओरडल्या की कॅप्टन दोन पावलं मागे सरले. मग पंचाहत्तर वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर आलं. "बाबा निघाले ना, त्या सकाळी मी बाहुलीचा झगा धुतला होता. चहाच्या मगात. आईनं बजावलं होतं, तरी धुतला. आणि बाबा आले नाहीत."

"आजी, पाणबुडीनं बुडवलं गं ते जहाज."

"ते मला ठाऊक नाही का? शाळेत गेलेय मी! ठाऊक असून काय उपयोग? पोटात भीती बसलीय ती बसलीय."

डोरीन पांढरीफटक पडली होती. ती म्हणाली, "थेल्मा, आमच्या आईनं पडदे धुतले होते."

"कधी?"

"त्याच दिवशी. युद्धात जहाज कधी सुटणार ते कोण सांगतंय? बाबा उद्या जाणार म्हणून तिनं टब भरला, आणि ते त्याच दिवशी आले की गाठोडं घ्यायला! आठ पडदे गं, भिजलेले. आणि बाबांच्या चार चड्ड्या. मग आमचे बाबा आले आणि तुझे नाही, म्हणून तिनं मला शपथ घातली, थेल्माला कधी कळू द्यायचं नाही. मरेपर्यंत म्हणायची, जहाज आपल्या पडद्यांनी बुडालं."

बाई तिच्याकडे वळल्या. "म्हणून ती दर रविवारी मला केक पाठवायची?"

"नाहीतर कशाला?"

"मला वाटायचं, मी गोड आहे म्हणून!"

झालं. डोरीनला आधी हसू फुटलं. मग बाईंना. "आठ पडदे आणि चार चड्ड्या," बाई धापा टाकत म्हणाल्या, "आणि तुझा बाप आला परत!"

"चौऱ्याऐंशी वर्षं जगला! शेवटपर्यंत मेला घोरायचा!"

"आणि मी एवढुशा झग्यापायी... रॉनीचे शर्ट, गं! बिचारा रॉनी!" दोघींची बाकावर मुरकुंडी वळली. बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं.

डोळे पुसून बाई उठल्या. बेथनीकडे बघितलं. मग अस्तन्या वर सारल्या. "कॅप्टन, तुमच्या चहाच्या खोलीत भांड्यांचा साबण आहे ना? डोरीन, चल. पिळायला दोघी लागतील."

निशाण चार मिनिटं उशिरा चढलं, ओलंचिंब. दोन मिनिटांच्या शांततेत ते कॅप्टनच्या टोपीवर थेंब थेंब गळत राहिलं. कॅप्टननं पापणी हलवली नाही. डोरीननं हातरुमाल तोंडात कोंबला होता, आणि बाई त्या धातूच्या खलाशाकडे बघून मनात म्हणत होत्या, बाबा, बघताय ना, काय चाललंय!

अडीचला जहाज सुटलं. बेथनीचा हात दिसेनासा झाला तशा बाई घरी आल्या, आणि जहाज बंदराच्या दोन धक्क्यांमधून बाहेर पडत होतं तेव्हा त्यांनी मशीन लावलं. पोरीची चादर, पुडिंगचा कोट, सगळं कोंबलं. सगळ्यात शेवटी डब्यातून जपून ठेवलेला तो बाहुलीचा झगा काढून हातानं धुतला. दोरीवर त्याला एकच चिमटा पुरला.

पुढचे अकरा दिवस बाईंनी झोप अशी घेतलीच नाही. अकराव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"आजी, पोचलो आम्ही! सगळं छान आहे!"

बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "जेवलीस का?"

"जेवले. तू कशी आहेस? आज नदीत काय हालचाल?"

"चार जहाजं सुटतायत," बाई म्हणाल्या. "ठेव गं आता. माझं धुणं खोळंबलंय."