जिन्यातला प्रेक्षक

सीवूड्सला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका हॉकीवेडे. यंदा लीगमधले पहिले तिन्ही सामने त्यांची टीम हरली. "सीझन आत्ताशी सुरू झालाय, टेन्शन नाय घ्यायचं," असं ते दर पराभवानंतर मलाच समजावत. चौथ्या सामन्याला मात्र त्यांनी मला आपल्या टीव्हीसमोर बसवलं आणि स्वतः टीमचा टी-शर्ट घालून बाहेर जिन्यात जाऊन बसले.

"मी बघितलं की हे गोल खातात. पनवती मीच आहे," ते पडेल आवाजात म्हणाले.

त्या दिवशी टीम चार गोलांनी हरली. बाहेर येऊन मी घाबरतच सांगितलं. काकांचा चेहरा यंदा पहिल्यांदाच उजळला.

"म्हणजे मी नव्हतो," ते उठत म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी प्रेमानं सांगितलं, "पुढच्या मॅचला तू बस जिन्यात."